पशुवैद्यक होण्यापूर्वी: बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दर वर्षी नीटचा निकाल लागला की पुढच्या आठ-दहा दिवसांत करवीर, पन्हाळा, कागल भागातले चार-पाच पालक मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. एमबीबीएसला गुण पुरत नाहीत, दंतवैद्यकात आता काही राम राहिला नाही असे कोणीतरी सांगितलेले असते, आयुर्वेदाकडे मन वळत नाही, तेव्हा ‘व्हेटर्नरीला टाकावे का?’ असा प्रश्न येतो. मी उलट विचारतो, ‘घरी म्हैस आहे का?’ कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘आहे’ असेच येते. मग मी मुलाकडे पाहून विचारतो, ‘तिचे वेत कितवे, म्हणजे कितव्यांदा व्याली?’ याचे उत्तर जवळजवळ नेहमी वडील देतात.

या प्रश्नावरून मी कोणाला नापास करत नाही. मात्र ज्या घरात रोज दोन वेळा धार निघते, दर दहा दिवसांनी दूध संस्थेचे बिल येते आणि त्या बिलावर मुलांची शाळा चालते, त्या घरातल्या मुलाने पशुवैद्यक व्हायचे ठरवण्यापूर्वी स्वतःच्या गोठ्यातल्या जनावराकडे निदान एकदा नीट पाहिलेले असावे, एवढी माझी अपेक्षा आहे. हा व्यवसाय चांगला आहे, त्यात पोटापाण्याची सोय आहे, मानही आहे. परंतु दुसरे दार बंद झाले म्हणून या दारात शिरलेला माणूस इथे लवकर थकतो, हे मी माझ्याच वर्गमित्रांमध्ये पाहिले आहे. म्हणून पुढच्या मार्गदर्शनात प्रवेशाची माहिती दुसऱ्या क्रमांकावर ठेवली आहे.

पहिली पायरी: अर्जाआधी एक महिना गोठ्यात

बारावीची आणि नीटची परीक्षा झाल्यावर निकालाची वाट पाहण्यात जे दिवस जातात, ते या कामासाठी वापरावेत. कोल्हापुरात राहून हे करणे फार सोपे आहे. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने खेडोपाडी आहेत. 1963 साली स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाची आणि वारणा दूध संघाची स्वतःची पशुवैद्यकीय सेवा आहे. शहरात कुत्र्या-मांजरांचे खाजगी दवाखाने आहेत. गावातल्या दूध संस्थेच्या सचिवांमार्फत किंवा ओळखीच्या शेतकऱ्यामार्फत एखाद्या डॉक्टरांना विचारावे की, ‘मी महिनाभर तुमच्याबरोबर फिरू का, काही काम सांगितले तर करीन.’ बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, कारण जनावराचा कासरा धरायला एक माणूस नेहमीच कमी असतो. त्यातले किमान तीन आठवडे गुरांच्या कामात आणि एक आठवडा शहरातल्या दवाखान्यात घालवावा. उलट केले तर चित्र चुकीचे उभे राहते.

या महिन्यात इंजेक्शन देण्याची घाई करू नये. ते तुमचे काम नाही आणि कायद्यानेही नाही. पाहायचे ते वेगळेच आहे. डॉक्टर गोठ्यात शिरताना आधी कुठे पाहतात? गव्हाणीत वैरण तशीच पडली आहे का, शेण कसे आहे, जनावर रवंथ करते आहे का, मालक किती वेळापासून काळजीत आहे, हे सगळे जनावराला हात लावण्यापूर्वीच वाचले जाते. रुग्ण बोलत नाही, मालक बोलतो, आणि मालक जे सांगतो त्यातले अर्धे शेजाऱ्याने सुचवलेले निदान असते. सकाळपासून चारा सोडला असे तो सांगत असेल आणि गव्हाणीतली वैरण काल संध्याकाळची असेल, तर आजार आजचा नाही हे तुमच्या लक्षात यायला हवे.

एक प्रसंग तुम्हाला या महिन्यात बहुधा पाहायला मिळेलच. जास्त दूध देणारी गाय किंवा म्हैस व्यायल्यानंतर एक-दोन दिवसांत आडवी होते. मान कुशीकडे वळवलेली, कान थंड, नाकपुड्यांवरचा ओलावा गेलेला, शेण बंद. घरात रडारड सुरू असते. हा दुग्धज्वर, नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट थंड पडते, कारण चिकात आणि दुधात एकदम ओढले गेलेले कॅल्शियम रक्तात पुरेसे भरून निघालेले नसते. डॉक्टर कॅल्शियमची 450 मिलिलिटरची बाटली थोडी कोमट करून शिरेतून द्यायला लागतात. त्या वेळी बाटलीकडे पाहू नका, डॉक्टरांच्या कानाकडे पाहा. स्टेथोस्कोप छातीवर ठेवलेला असतो, कारण कॅल्शियम वेगाने गेले तर हृदय थांबू शकते. ठोके अडखळू लागले की हात नळीवर जातो आणि धार बंद होते. पंधरा-वीस मिनिटे असे चालते. मग जनावराच्या अंगावर बारीक थरथर उठते, ढेकर येतो, नाकावर घामाचे थेंब जमू लागतात, शेण पडते, आणि पुष्कळदा ते त्याच बैठकीत उठून उभे राहते. घरातली म्हातारी डॉक्टरांच्या हातात गुळाचा खडा ठेवते. हे पाहून तुमच्या अंगावर काटा आला तर चांगलेच. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या वीस मिनिटांत उकिडवे बसून, चिलटे हाकलत, एकाच ठोक्याकडे लक्ष देऊन राहणे तुम्हाला जमेल का.

त्याच आठवड्यात उलट प्रसंगही पाहावा. म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडलेला असतो, मालकाने दोन दिवस घरगुती उपाय केलेले असतात, रेडकू आत मेलेले असते, खांद्यापर्यंत हातमोजा घालून डॉक्टर तासभर झगडतात आणि शेवटी म्हैसही जाते. लाखाच्या घरात किंमत असलेले जनावर दावणीला मेले की त्या घराचे कर्ज मागे राहते. अशा घरातून बाहेर पडताना डॉक्टर काय बोलतात, फी मागतात की नाही, हे ऐकून ठेवावे. कोणत्याही महाविद्यालयात हा विषय शिकवत नाहीत.

शरीर, घर आणि आरोग्य: स्वतःला विचारायचे प्रश्न

या कामात अंगमेहनत आहे, परंतु ती पैलवानकीची नाही. कोल्हापुरात ‘हे काम मुलींचे नव्हे’ असे अजूनही सर्रास ऐकू येते. त्याला माझा साफ विरोध आहे. सातशे किलोच्या मुऱ्हा रेड्यापुढे कोणत्याही पुरुषाची ताकद तशीही चालत नाही. तिथे खोडा (जनावर अडकवून उभे करण्याची चौकट), कासरा, वेसण, योग्य जागी उभे राहणे आणि गुंगीचे औषध चालते. वासराची अडलेली मान वळवायला लहान, निमुळता हात कित्येकदा अधिक उपयोगी पडतो. मुलींच्या बाबतीत खरा प्रश्न रात्रीच्या हाकेचा आणि एकटीने वाडी-वस्तीवर जाण्याचा आहे. त्याचे उत्तर घराने आणि गावाने मिळून द्यायचे असते, आणि ते देणारी घरे आता वाढत आहेत.

आरोग्याचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा. जनावरांपासून माणसाला होणारे आजार पशुवैद्यकाला सर्वांत आधी गाठतात. पिसाळलेल्या जनावराच्या तोंडात ‘काहीतरी अडकले आहे’ असे समजून हात घालणारे डॉक्टर आणि मालक दोघेही धोक्यात येतात, म्हणून रेबीजची प्रतिबंधक लस शिक्षणाच्या सुरुवातीलाच घ्यावी. गर्भपात झालेल्या गाई-म्हशींची वार उघड्या हाताने काढल्यास ब्रुसेलोसिस होऊ शकतो; त्यात महिनोन्‌महिने येणारा ताप आणि सांधेदुखी माणसाला पार खचवते. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात दिली जाणारी ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची असल्यामुळे तिची सुई स्वतःला टोचली तर तेही प्रकरण डॉक्टरकडे न्यावे लागते. पूर ओसरल्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, आणि 2019 व 2021 चा महापूर अनुभवलेल्या शिरोळ-करवीरच्या लोकांना पुराच्या पाण्यातून जनावरे बाहेर काढणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

दुसरी पायरी: प्रवेश

पदवीचे नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यकशास्त्र आणि पशुसंवर्धन. कालावधी साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्षाची आंतरवासिता सक्तीची आहे. प्रवेशासाठी बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. खुल्या वर्गासाठी या विषयांत मिळून 50 टक्के गुणांची अट आहे आणि आरक्षित वर्गांना सवलत आहे. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण झालेली असावीत. गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवर लागते. नीटच्या 720 गुणांपैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात. ज्यांना गणिती भौतिकशास्त्र जड जाते त्यांनी निदान हा अर्धा वाटा घट्ट करावा.

महाराष्ट्रातील पशुवैद्यकीय महाविद्यालये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. हे विद्यापीठ नागपूरला असून 2000 साली स्थापन झाले. बोलताना सगळे त्याला ‘माफसू’ म्हणतात. इथेच अनेकांची गाडी चुकते. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस यांची राज्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी आणि माफसूची वेगळी. नीट दिली, वैद्यकीयचा अर्ज भरला, म्हणजे पशुवैद्यकीयचाही आपोआप झाला असे समजून बसलेले विद्यार्थी मी दर वर्षी पाहतो. माफसूच्या संकेतस्थळावर स्वतंत्र अर्ज भरावा लागतो, त्याची मुदत वेगळी असते आणि फेऱ्यांचे वेळापत्रकही वेगळे असते. सरकारी महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा देशपातळीवर भरल्या जातात. त्यासाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या प्रक्रियेत आणखी एक अर्ज करावा. त्यामुळे परराज्यातल्या चांगल्या महाविद्यालयाचे दारही उघडते.

कागदपत्रांची तयारी बारावीच्या वर्षातच, दिवाळीच्या सुट्टीत सुरू करावी. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र यांपैकी जे लागू असेल ते वेळेत हातात हवे. जात वैधतेच्या कामाला महिने लागतात. गुण असूनही कागद नाही म्हणून जागा गेली, यासारखे दुःख नाही, आणि त्यात दोष द्यायला दुसरे कोणी सापडतही नाही.

महाविद्यालय निवडताना कोल्हापूरकरांची पहिली नजर शिरवळकडे जाते. सातारा जिल्ह्यातले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय पुणे-बेंगळुरू महामार्गालगत आहे आणि घरापासून एका एसटीच्या अंतरावर आहे. मुंबईत परळचे महाविद्यालय 1886 साली सुरू झालेले; त्याच्या आवारातल्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयामुळे तिथे कुत्री, मांजरे, पक्षी अशा शहरी रुग्णांचा ओघ मोठा आहे. नागपूर, परभणी आणि उदगीर येथील महाविद्यालयेही जुनी व अनुभवी आहेत. अलीकडे नव्या महाविद्यालयांचीही भर पडत आहे. नव्या ठिकाणी जाताना तिथल्या चिकित्सालयात रोज किती जनावरे येतात, हा एकच प्रश्न वरच्या वर्गातल्या मुलांना विचारावा. इमारत नवी असून खोडा रिकामा असेल तर शिक्षण पुस्तकातच राहते. माझे मत विचाराल तर दुधाच्या पट्ट्यात काम करायचे असणाऱ्याने शिरवळ घ्यावे आणि पाळीव प्राण्यांकडे ओढा असणाऱ्याने परळ; परंतु घर जवळ आहे एवढ्याच कारणासाठी शिरवळ घेऊ नये, कारण दर शनिवारी घरी येणारा विद्यार्थी रविवारच्या आपत्कालीन शस्त्रक्रियांना मुकतो.

साडेपाच वर्षांत काय असते

माणसांचा डॉक्टर एकच प्राणी शिकतो, हा आमच्यातला जुना विनोद आहे आणि तो खराही आहे. पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्रात गाय हा पाया, मग म्हैस, घोडा, शेळी, डुक्कर, कुत्रा, कोंबडी यांतले फरक. गाईच्या पोटाला चार कप्पे, घोड्याला एकच जठर आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून एकाच पोटदुखीचा अर्थ दोघांत वेगळा. पुढे औषधशास्त्रात हेच फरक जिवावर उठतात. माणसाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी ठरते, कारण ती पचवून बाहेर टाकण्याची व्यवस्था मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. ज्यांना ‘पाठांतर नको’ म्हणून हे क्षेत्र हवे असते त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

मधल्या वर्षांत परजीवी, जंतू, विकृती, पशुपोषण, अनुवंश हे विषय येतात आणि नंतर औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, प्रसूती व प्रजनन, सार्वजनिक आरोग्य. पशुपोषण हा विषय विद्यार्थ्यांना रटाळ वाटतो. कोल्हापुरात परत आल्यावर तोच सर्वांत जास्त कामाला येतो. उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याची हिरवी पाने, मुबलक म्हणून महिनोन्‌महिने वाड्यावरच ठेवलेल्या जनावराची गर्भधारणा का होत नाही, त्याला खनिज मिश्रण किती द्यावे, सरकीची पेंड आणि संघाचे पशुखाद्य यांचे प्रमाण काय ठेवावे, हे शेतकरी रोज विचारतो. म्हशीचा मुका माज ओळखणे हा असाच दुसरा विषय. माजाचे चक्र साधारण 21 दिवसांचे. म्हैस ओरडत नाही, सोट (माजातला चिकट स्राव) कमी गाळते, माज बहुधा रात्री-पहाटे दिसतो आणि मालकाच्या लक्षात येईपर्यंत वेळ गेलेली असते. एक माज चुकला की तीन आठवड्यांचा भाकड काळ वाढतो. उणे 196 अंशांच्या द्रव नत्रात ठेवलेल्या रेतकांडीचा (गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळीचा) दर्जा कितीही उत्तम असला तरी ती चुकीच्या वेळी भरली तर व्यर्थ.

आंतरवासितेचे वर्ष सुट्टीसारखे घालवण्याचा मोह अनेकांना होतो. या वर्षात निदान पन्नास गर्भतपासण्या स्वतःच्या हाताने करण्याचे ध्येय ठेवावे. गुदद्वारातून हात घालून गर्भाशयाचे शिंग चाचपणे हे वाचून येत नाही. बोटांना ते कधीतरी अचानक ‘दिसू’ लागते, आणि ते होईपर्यंत हात दुखत राहतो.

पदवी की पदविका

बारावीनंतर नीटचे गुण अगदीच कमी असतील तर पशुवैद्यकीय पदविकेचा मार्गही आहे. पदविकाधारकांना पशुधन पर्यवेक्षकाच्या नोकऱ्या मिळतात, दूध संघांतही काम मिळते. दोन्हींतला फरक कायद्याने स्पष्ट केलेला आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 प्रमाणे पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरालाच आहे. पदविकाधारकाने लसीकरण, कृत्रिम रेतन, जखमेची मलमपट्टी अशा ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात. गावात ही रेषा रोज पुसली जाते, हे मलाही माहीत आहे. रात्री दोन वाजता जो येतो तोच शेतकऱ्याचा डॉक्टर. तरीही निर्णय घेताना कागदावरचा फरक डोळ्यांपुढे ठेवावा, कारण पदविकेवरून पुढे पदवीकडे जाण्याचा मार्ग सरळ नाही.

तिसरी पायरी: पदवीनंतरची वाट

पदवी मिळाल्यावर पहिले काम म्हणजे महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी. नोंदणीशिवाय चिठ्ठीवर सही करता येत नाही.

सरकारी नोकरीत पशुधन विकास अधिकारी, गट अ, हे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते. भरतीची जाहिरात दर वर्षी निघेलच असे नसते, म्हणून अभ्यास आणि दुसरे काम एकाच वेळी चालू ठेवावे. श्रेणी एकच्या दवाखान्याची जबाबदारी, लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्याच्या लसीकरणाच्या मोहिमा, योजनांचे अर्ज, पशुगणना, शवविच्छेदन, कानातल्या बारा अंकी बिल्ल्यांच्या ऑनलाइन नोंदी असा पसारा असतो. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा याच मंडळींनी गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचली. शेतकऱ्यांनी 1962 या क्रमांकावर फोन केल्यावर येणारी फिरती पथके आल्यापासून कंत्राटी कामाचीही एक वाट निघाली आहे. नवपदवीधराने अनुभवासाठी ती घ्यायला हरकत नाही.

सरकारी किंवा खाजगी, कोणत्याही पशुवैद्यकाकडे दाखल्यांसाठी माणसे येतात. विम्यासाठी मेलेल्या जनावराचा दाखला, कत्तलीसाठी योग्यतेचा दाखला, बैलगाडी शर्यतीआधीची तपासणी. ‘बिल्ला पडलाय, तेवढं लिहून द्या की साहेब,’ असे ओळखीचा माणूस म्हणतो. एकदा दिले की पुढच्या महिन्यात तिघे येतात. नाही म्हणण्याची सवय पहिल्या आठवड्यात लागली तर लागते.

दूध संघातली नोकरी कोल्हापूरच्या मुलांना सर्वांत ओळखीची. ठरलेला भाग, ठरलेली गावे, हाकांचा सततचा ओघ. हाताला जी सवय इथे एका वर्षात होते ती इतरत्र तीन वर्षांत होत नाही. तोटा असा की घाईत तपासण्याची खोडही इथेच लागते.

लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये पदवीधरांना अल्पसेवा कमिशन मिळते. घोडे, खेचरे आणि श्वानपथके हा तिथला विषय. जिल्ह्यातून सैन्यात जाणाऱ्यांची संख्या मोठी असूनही हा पर्याय फार थोड्यांना ठाऊक असतो. लस आणि औषधनिर्मिती, कुक्कुटपालन, पशुखाद्य कंपन्या, बँका, अन्नसुरक्षा इथेही जागा आहेत. संशोधनाकडे कल असेल तर एम.व्ही.एस्सी. करावे, त्यासाठी इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था हे देशातले मोठे ठिकाण आहे, आणि तिची सुरुवात 1889 साली आपल्या पुण्यात झाली होती.

वन्यजीवांचे डॉक्टर व्हायचे आहे असे सांगणारी मुले अलीकडे खूप येतात. राधानगरीचे अभयारण्य 1958 पासूनचे, तिथला गवा उसाच्या फडातून थेट शहराच्या वेशीपर्यंत येतो, त्यामुळे हे आकर्षण समजण्यासारखे आहे. परंतु या क्षेत्रातल्या कायम जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि गव्याला दुरून गुंगीचे इंजेक्शन देण्याआधी शंभर गाई-म्हशींना भूल देण्याचा सराव लागतो. आधी गुरांचे डॉक्टर व्हा, मग जंगलाकडे पाहा.

शहरातला पाळीव प्राण्यांचा दवाखाना हा पर्याय राजारामपुरी-ताराबाई पार्कात आता चांगला रुजला आहे. त्याला जागा, क्ष-किरण, सोनोग्राफी, रक्ततपासणीचे यंत्र असे भांडवल आधी लागते आणि मालकाशी बोलण्यात गोठ्याच्या दुप्पट वेळ जातो. पदवीनंतर किमान दोन वर्षे पुण्या-मुंबईतल्या अनुभवी डॉक्टरांकडे काम केल्याशिवाय स्वतःची पाटी लावू नये.

चौथी पायरी: गावात स्वतःचा व्यवसाय

खाजगी व्यवसायाला सुरुवातीला इमारत लागत नाही. मोटारसायकल, तिच्यावरची पेटी आणि चार्ज असलेला फोन लागतो. पेटीत थर्मामीटर, स्टेथोस्कोप, पोटफुगीसाठी ट्रोकार-कॅन्युला, लांब हातमोजे, प्रसूतीच्या दोऱ्या, टाके घालण्याचे साहित्य, कॅल्शियमच्या बाटल्या आणि कासदाह तपासण्याचे चार खळग्यांचे पात्र असावे. त्या पात्रात चारही सडांचे थोडे थोडे दूध घेऊन द्रावण टाकून फिरवले की बिघडलेल्या सडाचे दूध चिकट होऊन घट्ट होते. मालकाच्या डोळ्यांदेखत ते दाखवले की लवकर उपचाराची गरज वेगळी पटवावी लागत नाही.

दुखणे कमी करणाऱ्या औषधांत डायक्लोफिनॅकला हात लावू नये. 2006 पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, कारण ते टोचलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. प्रतिजैविक दिल्यावर किती दिवस दूध संस्थेत घालायचे नाही, हे मालकाला सांगावे आणि चिठ्ठीवरही लिहावे. त्याला ते आवडत नाही, कारण तेवढे दूध बिलातून जाते, तरी लिहावे.

पैशाचे बोलायचे तर उधारी हा या धंद्याचा पावसाळा आहे. गावाकडे फी रोख मिळेलच असे नसते. ‘बिल झालं की देतो’ म्हणजे दूध बिल झाल्यावर. दहा-दहा दिवसांच्या बिलाचे चक्र ओळखून, बिलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या दारातून फेरी मारावी. तगादा लावावा लागत नाही, दिसलात तरी पुरते. पहिली दोन वर्षे घरखर्चासाठी दुसरा आधार असावा.

आणि एक वही ठेवावी. उपचाराने बऱ्या झालेल्या जनावरांची नोंद संघाच्या किंवा दवाखान्याच्या नोंदवहीत होतेच. ही वही मेलेल्यांची. तारीख, गाव, जनावर, वेत, काय दिसले, काय केले, काय करायचे राहिले. माझ्या व्यवसायाच्या पहिल्या वर्षी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून पहाटे हाक आली. व्यालेली गाय आडवी, कान थंड, मान कुशीला. मला दुग्धज्वर दिसला, कारण मला तोच पाहायचा होता. कॅल्शियम लावले. अर्धी बाटली जाईपर्यंत ठोके बिघडले, मी नळी बंद केली, पण गाय राहिली नाही. मग घरातल्या आजींनी गाईच्या मागच्या पायाला हात घालून कास उघडी केली. एक सड निळे पडलेले, थंडगार, दाबल्यावर पाण्यासारखा लालसर स्राव. जहाल कासदाहाचे विष अंगभर पसरलेले होते, त्यामुळेच ती आडवी झाली होती. आजी रागावल्या नाहीत. ‘डॉक्टर, आदी सडं बघायला पायजे हुती,’ एवढेच म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

वहीतली पहिली नोंद त्याच गाईची आहे. दुसरे वेत, व्यायल्यानंतर चौथा दिवस, कास तपासली नाही.